करमाळ्याच्या जरा खाली

शिवम्माची पाठ या जगात तीनच जणींनी पाहिली होती. लहानपणी आईनं, एका दिवाळीच्या पाडव्याला शेजारच्या बाळाबाईनं, आणि गेल्या वर्षभरात सून आरोहीनं. तीही रोज नव्हे, नळाला पाणी येईल तशी. सोलापुरात राहून "मी रोज डोक्यावरून अंघोळ करतो" असं सांगणारा माणूस एकतर परगावचा असतो, नाहीतर माजी नगरसेवक.

या तिघींत नवऱ्याचं नाव नाही, हे लक्षात आलंच असेल. प्राध्यापक सिद्रामप्पा हे अत्यंत सभ्य गृहस्थ. लग्नाला चाळीसेक वर्षं होऊन गेली, तरी न्हाणीवरून जाताना ते अजून खाकरतात. पूर्वी घर भरलेलं असायचं, सासूसासरे, दीर, येणारेजाणारे, त्यामुळे शिवम्माची अंघोळ तांबडं फुटायच्या आत उरकायची. पुढं घर रिकामं झालं, खाकरणं तेवढं राहिलं. संसार म्हणून जे व्हायचं ते अंधारात झालं. अभिमन्यू जन्मला, शिकला, पुण्याला नोकरीला लागला. पण दिवा लावून एकमेकांकडे बघत बसायची त्या घरात रीत नव्हती. सिद्रामप्पांनी कॉलेजात जन्मभर मराठी शिकवलं आणि गावभर कवितांचे, चित्रांचे, पुतळ्यांचे अर्थ सांगितले. सोलापुरात कुठल्याही प्रदर्शनाची फीत कापून झाली, की माईक त्यांच्या हातात जायचा आणि बराच वेळ परत यायचा नाही.

आता त्या पाडव्याचं. अभिमन्यूच्या जन्माआधीची गोष्ट. पाडव्याला बायकोनं नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, ही रीत. सिद्रामप्पा अंगाला तेल चोपडून अंगणात पाटावर बसले होते. शिवम्मानं कढत पाण्याचं तपेलं न्हाणीतल्या हौदाच्या काठावर टेकवलं आणि विसणाचं गार पाणी घ्यायला ती वाकली. तपेलं कलंडलं ते थेट तिच्या पाठीवर. ती ओरडली तशी बाळाबाई भिंतीवरून वाकून बघून धावत आली, आणि आधी तिनं दार लावलं. "बाप्ये मानसांनी आत यायचं न्हाय!" ही तिची आज्ञा सिद्रामप्पांनी इतकी मनावर घेतली, की ते पुढं कधी आत आलेच नाहीत. महिनाभर बाळाबाई पाठीला मलम लावत होती. मलम सिद्रामप्पाच आणायचे. दाराबाहेर ठेवायचे आणि खाकरायचे. मलम फार चांगलं होतं. जखम भरली. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत कातडीचा एक मोठा, वेड्यावाकड्या कडांचा, निराळ्या रंगाचा तुकडा तेवढा राहिला.

गेल्या वर्षी शिवम्मा त्याच न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण चाकाची खुर्ची काही सुटली नाही. आरोही, अभिमन्यूची बायको, मूळची कुर्डुवाडीची, रेल्वेतल्या माणसाची मुलगी, सासूच्या दुखण्यापायी पुण्याहून येऊन राहिली होती. चित्रं काढायची आणि घरही बघायची. ती सासूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून न्हाऊ घालू लागली. पहिल्या दिवशी पाठ बघून तिचा हात थांबला. तिनं विचारलं काही नाही, पाणी मात्र पुन्हा एकदा हात घालून बघितलं, फार गरम तर नाही ना. शिवम्माला सून पसंत पडली ती त्या दिवशी. आरोहीच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मग एकदा साबण लावता लावता आरोही म्हणाली, "आई, तुमची पाठ काढू का मी? चित्रात?"

"हे काय चित्र काढायची गोष्ट हाय? फुलं काढ, गणपती काढ."

"गणपती सगळेच काढतात."

"मग माझी पाठ कुणीच काढत न्हाय म्हणून काढतीस व्हय?"

"व्हय," आरोही म्हणाली.

शिवम्मा बरेच दिवस नको म्हणत होती. मग एक दिवस, केस पुसून घेताना, ती पदरात हसली. "काढ. तोंड दिसायला न्हाय पायजे. आन् ह्यांना सांगायचं न्हाय. बघू, वळखतेत का."

म्हणाली थट्टेनं. पण थट्टेनं बोललेली गोष्ट कधीकधी पोटात जाऊन बसते आणि उठत नाही. चित्र पुरं होत गेलं तसं शिवम्माला हसू येईना. ओळखलं तर काय तोंड दाखवायचं, ही एक भीती. आणि नाही ओळखलं तर? ही दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी आहे, हे तिला एका दुपारी शेंगा फोडता फोडता कळलं.

चित्रं पंधराएक झाली. सगळी न्हाणाऱ्या बायकांची. कुणी चष्मा न काढताच डोक्यावर तांब्या ओततेय, कुणी मोबाइल पिशवीत गुंडाळून खिडकीत ठेवलाय आणि गाणं ऐकत पाय घासतेय, कुणी रिकाम्या नळाकडे बघत साबणाच्या फेसात बसलीय. सात रस्ता चौकाजवळच्या एका कलादालनात प्रदर्शन ठरलं, आणि पत्रिका छापून आल्या त्याच दिवशी माजी नगरसेवक कल्लप्पांचा फोन आला.

"सर, ह्ये काय चाललंय ओ? बायकांच्या अंघोळी भिंतीला टांगताव म्हणं. तुमच्या घरातनं असं व्हायलंय म्हणून फोन केलो. दुसरं कोण असतं तर फोन केलो नसतो, डायरेक्ट आलो असतो."

"या ना, उद्घाटनालाच या," सिद्रामप्पा शांतपणे म्हणाले. "मी अर्थ सांगणार आहे."

फोन ठेवून ते सुनेला म्हणाले, "काळजी करू नकोस. चित्राचा अर्थ सांगितला, की चित्राला कपडे चढतात."

आरोही सासूकडे बघत राहिली. शिवम्मा भाकरीचा तुकडा मोडत राहिली.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी जेवताना सिद्रामप्पांनी आरोहीच्या मोबाइलवर चित्रं बघायला घेतली. शेंगाचटणीचं बोट पडद्याला लागू नये म्हणून ते डाव्या हातानं चित्रं सरकवत होते. "छान. जलतत्त्व. छान. नेणिवेतला फेस. हा निळा मग… निळाच का?"

"घरात निळाच होता, बाबा," आरोही म्हणाली.

"कलावंताला माहीत नसतं," सिद्रामप्पा समजूतदारपणे म्हणाले आणि पुढं सरकले. आणि थांबले. पाठमोरी बाई, ओलं लुगडं कमरेशी, केस पुढं घेतलेले, आणि पाठभर तो तुकडा. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. चष्मा वर केला, खाली केला.

"हे ओळखीचं वाटतंय," ते म्हणाले.

शिवम्मानं हातातला घास ताटात परत ठेवला.

"काय ओळखीचं?" तिनं विचारलं.

"कुठंतरी पाहिलंय मी हे. फार जवळून पाहिलंय. थांब, आठवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दाढीचा साबण एका गालावर तसाच ठेवून, ते खोलीतून बाहेर आले. "आठवलं!"

"काय आठवलं?"

"आत्ता नाही. सभेत सांगतो. चार लोकांसमोर सांगण्यासारखं आहे." आणि गेली कित्येक वर्षं तिच्याकडे बघून हसले नव्हते तसे ते हसले.

शिवम्माचा चहा गार झाला. चार लोकांसमोर! आरोहीला तिनं खोलीत बोलावलं. "ती इरकल काढ, हिरवी. आन् पावडर कुठंय?" मग लगेच म्हणाली, "नको, मी येत न्हाय. शिवशिवा, लोकांसमोर काय बोलतेत आता हे." मग पुन्हा, "पदर नीट लाव गं. मागून दिसतो तो."

दालन भरलेलं होतं. शिवम्माची खुर्ची आरोहीनं मागच्या भिंतीशी लावली, समोरच ते चित्र दिसेल अशी. पहिल्या रांगेत कल्लप्पा, पांढरे कपडे, सोबत तसेच पांढऱ्या कपड्यांतले काही जण. त्यांच्या तोंडाकडे बघून वाटत होतं, की ते तोडफोड करायला आलेत आणि चहापर्यंत थांबणार आहेत.

सिद्रामप्पांनी माईक हातात घेतला. त्यांनी चष्म्यातली दृष्टी सांगितली, नळातली अनंत प्रतीक्षा सांगितली, फेसातलं क्षणभंगुरत्व सांगितलं. निळा मग हे आकाश आहे, असं सांगितलं तेव्हा कल्लप्पांच्या माणसांपैकी एकानं छताकडे पाहिलं. मोबाइलवालीकडे बोट करून ते म्हणाले, "ही बाई गाणं ऐकते असं आपल्याला वाटतं. खरं तर तो अनाहत नाद आहे." कल्लप्पा हळूहळू खुर्चीत मागं टेकले. बायका अंघोळ करत होत्या, पण आता त्यांच्याकडे बघायला हरकत नव्हती.

"पाणी आणि स्त्री," सिद्रामप्पा रंगात येऊन म्हणाले, "हे नातं मला फार पूर्वी कळलं. एका पाडव्याला." आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. ही गोष्ट ते लग्नकार्यात, निरोपसमारंभात, एकदा तर शोकसभेतही सांगत आले होते. आपण कसे तेल चोपडून थंडीत कुडकुडत बसलो, आत बायकोनं तपेलं कसं पाडलं, शेजारीणबाईंनी दार कसं लावून घेतलं, आणि अखेर आपण पाडव्याची अंघोळ अंगणातल्या पिंपातल्या गार पाण्यानं कशी केली. "जन्मात एकदाच मी पाडव्याला गार पाण्यानं न्हालो. तो त्याग इतिहासात नोंदला गेला नाही!"

सभागृह हसलं. शिवम्माही हसली. या गोष्टीला हसायची तिला सवय होती. चेहरा आपोआप हसायचा, तो हसून झाल्यावर ती त्याला खाली उतरवायची.

आज मात्र ती घाईनं हसून पुढं वाकली. पाडवा निघाला होता. आता पुढचं पाऊल तेच असणार. तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

सिद्रामप्पा चित्रापाशी गेले. हातात त्यांची काठी होती, शिकवतानाची सवय. "हे चित्र मोबाइलवर पाहिलं आणि मी अस्वस्थ झालो. मित्रहो, हे मी ओळखतो! हे आपण सगळेच ओळखतो!"

शिवम्मानं रांगांवरून नजर फिरवली. सगळेच?

"नीट बघा. ही वरची डावीकडची कड. हा खांद्याखालचा कोपरा. हा करमाळा! हा इकडे उजवीकडे बार्शी. हे काखेकडे निमुळतं गेलेलं टोक, हे नातेपुते. हा पाठीचा कणा म्हणजे लोहमार्ग, आणि इथं त्यावर कुर्डुवाडी, आमच्या सूनबाईंचं माहेर! बाईची पाठ नव्हे ही. हा आपला सोलापूर जिल्हा आहे! तहानलेला, भेगाळलेला, आणि पाण्याची वाट बघत आपल्याकडे पाठ करून बसलेला!"

 टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की चहावाल्यानं घाईनं कप भरायला घेतले.

कल्लप्पा उठून चित्राशी गेले. "आईशप्पथ," ते म्हणाले, "जिल्हाच हाय की! सर, आन् अक्कलकोट? आमचं अक्कलकोट कुटं?"

सिद्रामप्पांची काठी खाली घसरत उजव्या कमरेपर्यंत आली. "इथं असायला हवं."

"तिथं तर लुगडं हाय."

"तो सीमाभाग आहे," सिद्रामप्पा निर्विकारपणे म्हणाले. "थोडं झाकलेलंच बरं."

कल्लप्पा इतके हसले की त्यांना धरावं लागलं. मग डोळे पुसत त्यांनी बोट पुढं केलं आणि मोहोळवर टेकवलं, मंगळवेढ्यावर टेकवलं. मागून लोक येऊन आपापलं गाव शोधू लागले. मागं खुर्चीत बसलेल्या शिवम्माच्या अंगावर प्रत्येक बोटाला काटा येत होता.

"सर, ठरलं," कल्लप्पा मोठ्यांदा म्हणाले. "ह्ये माझ्या हापिसात लागणार. टेबलाच्या मागं, बरोबर मधोमध. आजपासनं ह्या प्रदर्शनाच्या केसाला कोण धक्का लावतंय बघतो मी!"

"अवश्य!" सिद्रामप्पा म्हणाले. "तुमच्याकडेच शोभेल."

"बाबा, ते द्यायचं नाहीये," आरोही पुढं आली.

"अगं, एवढा मान…"

"नाही द्यायचं म्हणते ना."

कल्लप्पांचा चेहरा बदलू लागला. सिद्रामप्पा सुनेकडे बघून भुवया उडवत होते, की बाई, प्रदर्शन वाचलंय, आता मोडू नकोस. आरोही सासूकडे बघत होती. तिनं शब्द दिला होता, त्यामुळे तिला बोलता येईना, आणि गप्पही बसवेना.

"अहो," मागून शिवम्मा म्हणाली.

सभेत बायकोनं हाक मारायची ही पहिलीच वेळ. सिद्रामप्पा गडबडीनं तिच्यापाशी आले. माईक त्यांनी कुणाकडे तरी दिला. "काय गं? बरं वाटत नाही का?"

"पाठ खाजायली."

"आत्ता? आरोहीला सांग की."

"तिचे हात रिकामे न्हाईत. तुमीच खाजवा."

सिद्रामप्पांनी इकडंतिकडं पाहिलं, खाकरले आणि खुर्चीच्या मागं जाऊन पदरावर अंदाजानं हात ठेवला. "इथं?"

"न्हाय. वर." शिवम्मा समोर चित्राकडे बघत, भाजी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "करमाळ्याच्या जरा खाली. माढ्याच्या अलीकडं."

हात वर सरकत होता, तो थांबला. ब्लाउजच्या कापडाखाली काहीतरी खडबडीत, आवळलेलं, कडा असलेलं त्यांच्या बोटांना लागलं. ते समोर बघत होते. समोर चित्राभोवती लोक होते, आणि लोकांच्या डोक्यांमधून करमाळा दिसत होता.

"सापडलं?" शिवम्मानं विचारलं.

 हात उचलावा की ठेवावा, हे त्यांना कळेना. कल्लप्पांचा एक माणूस कपबशी घेऊन आला आणि "सर, च्या" म्हणाला, तेव्हा त्यांनी तो हात चहासाठी पुढं केला. बशीत चहा सांडला.

 रात्री घरी जेवताना सिद्रामप्पा एकदाच म्हणाले, "फार भाजलं होतं का?"

"मलम चांगलं होतं," शिवम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरात चित्राचा फोटो होता, मथळा जिल्ह्याचा होता आणि खाली सिद्रामप्पांचं नाव. दालनात रांग लागली. लोक लेकराबाळांना घेऊन आले. भूगोलाच्या एका बाईंनी वर्गच्या वर्ग आणला आणि नद्या विचारल्या. कुणी आपल्या गावावर बोट ठेवून फोटो काढला. दुपारी आरोहीनं बघितलं तर कमरेशी, लुगड्याच्या काठाला, कुंकू लागलेलं. कुणीतरी स्वामींच्या अक्कलकोटाला नमस्कार करून गेलं होतं. तिनं ओल्या फडक्यानं ते टिपलं, पण लाल डाग राहिलाच.

सिद्रामप्पा घाईनं तिथं जाऊन बसले. चित्राशेजारी स्टूल टाकून, येईल त्याला सांगू लागले, "हात लावू नका. हा नकाशा नाही. ही बाईची पाठ आहे."

लोक माना डोलवायचे. "व्वा, सर. बाईची पाठ! म्हंजे भूमाता."

"भूमाता नाही हो. पाठ. साधी पाठ."

"साधी!" एका निवृत्त तहसीलदारांनी डोळे मिटले. "साधेपणातच सगळं आलं, सर." आणि त्यांनी करमाळ्यावर हात ठेवला, कारण त्यांची तिथं बदली झाली होती.

जन्मभर सिद्रामप्पांनी या गावाला शिकवलं होतं, की दिसतं ते नसतं. गाव फार चांगलं शिकलं होतं.

आरोहीचा नकार कानाआड करून कल्लप्पा शेवटच्या दिवशी चित्र न्यायला टेम्पो घेऊन येणार होते. आदल्या संध्याकाळी सिद्रामप्पा शिवम्माच्या खुर्चीसमोर वेताच्या मोढ्यावर बसले. कल्लप्पांना फोन केला होता, माझा अर्थ चुकला असं सांगितलं होतं. कल्लप्पा म्हणाले होते, "सर, तुमचा अर्थ चुकंल व्हय? इनय हाय तुमचा."

"खरं सांगितल्याशिवाय तो ऐकणार नाही," सिद्रामप्पा म्हणाले. "आणि सांगितलं तर गावभर होईल. तू म्हणशील तसं."

शिवम्मा खिडकीबाहेर बघत राहिली. टाकीवर पाणी चढवायची मोटर कुठंतरी घरघरत होती.

"आजवर सगळ्याचा अर्थ तुमीच सांगितलाव," ती म्हणाली. "मला विचारून न्हाय."

"आता विचारतोय."

"आता माझ्या पाठीवर सगळा जिल्हा हात फिरवून गेला की ओ."

सिद्रामप्पांनी मान खाली घातली. खाकरावं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते गिळलं.

"सांगा," मग ती म्हणाली. "कुणाच्या हापिसात मी बसणार न्हाय. पण सांगताना नाव घ्या माझं. ‘सौ.’ लिवताव न्हवं तुमच्या पुस्तकाच्या पैल्या पानावर, तसं नको. ‘आमची मंडळी’ बी नको. शिवम्मा म्हणा."

सिद्रामप्पांनी ओठ हलवून बघितले. घरात ‘अगं’वर भागत आलं होतं, त्यामुळे ते नाव त्यांच्या तोंडाला नवीन होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी टेम्पो आला. कल्लप्पांनी सत्कारासाठी चादर आणली होती, चांगली जाड, सोलापुरी, मोरांची. "आधी सूनबाईंचा सत्कार, मग चित्र हलवू." दालनात निरोपाला आलेली गर्दी होती. शिवम्माची खुर्ची या वेळी तिनं स्वतःच सांगून पुढं आणवली होती.

"कल्लप्पा," सिद्रामप्पा म्हणाले. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "हे चित्र जिल्ह्याचं नाही. ही शिवम्माची पाठ आहे."

"कोण शिवम्मा?" कल्लप्पांनी विचारलं. चेहऱ्यावर उत्सुकता होती. देवी असेल, नाहीतर कुठली वीरांगना.

"माझी बायको. ही." त्यांनी हात केला. "त्या पाडव्याला तपेलं पडलं ना, मी सांगतो ती गोष्ट. ते हिच्या पाठीवर पडलं होतं. ती गोष्ट एवढीच आहे. गार पाण्याचं त्यात काही नाही."

कल्लप्पांनी शिवम्माकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि भाजल्यासारखी नजर खाली घातली. उजव्या हाताचं बोट त्यांनी नकळत सदऱ्याला पुसलं. "वैनी…" ते म्हणाले. "आमी… बोट लावलो की ओ आमी तिथं. सगळ्यांनीच लावलं." मागची माणसं एकेक करत जमिनीकडे बघू लागली. दालनात एवढी मोठी माणसं, पण बघायला जागा म्हणून फक्त फरशी उरली होती.

मग कल्लप्पांना काय वाटलं कोण जाणे. माणूस वाईट नव्हता. ते लगबगीनं पुढं झाले, तोंड बाजूला वळवलं, चादरीची घडी मोडली आणि अंदाजानं चित्रावर टाकली. चादर चौकटीच्या वरच्या कडेला अडकली आणि मोर खाली लोंबले. "झाकलं, वैनी," ते म्हणाले. "आता कोण बघत न्हाय."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सिद्रामप्पांनीही सोडला, हे शिवम्मानं पाहिलं.

बाळाबाईनं दार लावलं होतं तेव्हाही असंच सगळ्यांना बरं वाटलं होतं.

"अहो," ती म्हणाली. "काढा ती."

"अगं, आता लोक आहेत…"

"लोक खालीच बघायलेत. काढा."

सिद्रामप्पा चित्रापाशी गेले. हात वर करून त्यांनी चादर सोडवली. ती जड होती, अर्धी त्यांच्या डोक्यावर आली. कुणी हसलं नाही. चित्राकडे पाठ करून, शिवम्माकडे तोंड करून, ते चादरीची घडी घालू लागले. टोकाला टोक जुळवलं. सुरकुती दिसली म्हणून पुन्हा उलगडली. मोरांची रांग मोरांच्या रांगेवर बसली पाहिजे, म्हणून पुन्हा पहिल्यापासून जुळवली. आयुष्यात त्यांनी कधी चादरीची घडी घातली नव्हती, आणि आज ते ती जीव ओतून घालत होते. घडी चालू होती तोवर मागं वळायचं कारण नव्हतं.

आरोही मदतीला पुढं झाली. शिवम्मानं हात करून तिला थांबवलं.

घडी लहान होत होती. चौपदरी झाली, आठपदरी झाली. आता जाड सोलापुरी चादर आणखी दुमडेना, तरी सिद्रामप्पांची बोटं कडेवरून फिरत राहिली.

"होऊ द्या सावकाश," शिवम्मा म्हणाली. पदर तिनं खांद्यावरून जरा सैल सोडला आणि खुर्चीच्या हातांवर हात ठेवून बसली. "झाली की सांगा. मी हितंच हाय."